एकाच बाजूची वायर

"अक्काला तिच्या लेकाचा आवाज मी ऐकवणार. आन तोबी पाहुण्यांसमोर, शब्दन्‌शब्द," असं विरूपाक्षानं सांगून टाकलं, तेव्हा हे काम करायचं कसं याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती. पण कल्पना नसल्यामुळं विरूपाक्ष आजवर कधी अडला नव्हता. लातूर जिल्हा झाला आणि तो बदली होऊन कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून आला, तेव्हापासून तर तो आपल्या गावच्या, औशाच्या बसस्टँडवर असा उभा राहायचा की जिल्हा यानंच सही-शिक्का मारून आणलाय. लोकही विचारायचे, "मामा, टँकर कधी?" आणि तो पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणायचा, "फाइल फिरायलीय."

त्या साली फाइल जरा जास्तच फिरत होती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. गल्लीतल्या आडात बादली सोडली तर वर येताना नुसता खडखडाट घेऊन यायची. टँकरला वेळ-काळ नव्हता. तो आला की माणसं हातातला घास ताटात ठेवून घागरी घेऊन धावायची.

अक्का म्हणजे पार्वतम्मा, विरूपाक्षाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा गुरुलिंग दोन वर्षांपासून मस्कतला, एका बांधकाम कंपनीच्या गोदामात कामाला. अक्काचे कान मात्र मागच्या आजारपणात गेले ते गेलेच. समोर बसून माणूस ओरडलं तर थोडं कळायचं. मठातल्या भोंग्यावरचं भजन तेवढं तिला नीट ऐकू यायचं. "भोंग्यातलं कळतं, शेजारणीचं कळत न्हाई. त्यात माझं काही अडलं न्हाई," असं ती हसून सांगायची.

अडलं ते त्या कॅसेटपाशी. गुरुलिंगासाठी विरूपाक्षानं उदगीरचं स्थळ आणलं होतं. रेवणप्पा डाळमिलवाले, त्यांची मुलगी उमादेवी. फोटो इकडून तिकडं गेले, तिकडून इकडं आले, सगळ्यांना पसंत पडले. पण मुलीची आत्या नागम्मा आडवी आली. उमादेवीची आई ती लहान असतानाच वारली होती. नागम्मानंच तिला वाढवलं होतं. ती म्हणाली, "दुबईला, मस्कतला गेलेली पोरं काय करतात, कुणी बघितलंय? पोराच्या तोंडून ऐकल्याबगर मी पोरगी देणार न्हाई." मग विरूपाक्षानं मस्कतला पत्र टाकलं. महिन्याभरानं सुटीवर आलेल्या एका माणसाच्या हाती गुरुलिंगाची कॅसेट आली. ती वाजवायला टेपरेकॉर्डर घरात होता. तोही गुरुलिंगानंच मागच्या खेपेला पाठवलेला, चकचकीत, दोन्ही अंगाला दोन गोल स्पीकर असलेला.

कॅसेट आली त्याच दिवशी अक्कानं टेप मांडीवर घेतला, कान त्याला चिकटवला आणि बराच वेळ तशीच बसली. मग टेप बंद करून म्हणाली, "चिलटं गुणगुणल्यासारखं होतं. माझं लेकरू काय बोलतंय ते कळत न्हाई." आणि कॅसेट उचलून तिनं देवळीत ठेवली. "मला कळंपत्तूर दुसऱ्या कुणी ऐकायची न्हाई. आईच्या आधी बाकीच्यांनी कशाला?"

ते पाहूनच विरूपाक्षाच्या तोंडून ती घोषणा निघाली होती. टेपची वायर काढायची, मोठ्या मशीनला जोडायची, त्याला भोंगा. मठातलं ऐकू येतं तर मस्कतचं का नाही येणार?

मंडपवाला केरबा त्याचा दोस्त. पाण्याअभावी गावातली लग्नं पुढं ढकललेली. त्यामुळं केरबाचं मशीन आणि भोंगे धूळ खात पडले होते. "घिऊन जा," केरबा म्हणाला. "तेवढाच त्याच्या घशाला ओलावा. फकस्त जोडायची वायर तू बघ. तुझ्या टेपचं भोक बारीक, माझ्या मशीनचं मोठं."

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर विरूपाक्ष लातूरच्या गंजगोलाईतल्या एका रेडिओच्या दुकानात गेला. एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला जाड, अशी वायर त्यानं मागितली.

"स्टिरिओ देऊ का साधी?" दुकानदारानं विचारलं.

"फरक काय?"

"स्टिरिओत दोन बाजू येतात, डावी आन उजवी. साधीत एकच."

विरूपाक्षानं क्षणभर विचार केला. "आमचा भोंगाच एक हाय. दुसरी बाजू नेऊन ठेवू कुठं? एकच द्या."

दुकानदारानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, पण गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यानं वायर कागदात गुंडाळून दिली. परतीच्या बसमध्ये विरूपाक्ष स्वतःच्या हुशारीवर खूश होता. दुसरा कुणी असता तर दुकानदारानं सांगितलं म्हणून दोन बाजू घेऊन आला असता.

शनिवारी त्यानं आणि केरबानं भोंगा ओसरीवर मांडला. भोक सापडलं, पिन बसली, आणि भजनाची एक जुनी कॅसेट लावताच आवाज असा खणखणीत निघाला की समोरच्या घरातलं तान्हं लेकरू दचकून रडायला लागलं. आत भाजी निवडत बसलेली अक्का हात पुसत बाहेर आली. भोंग्यासमोर उभं राहून तिनं दोन्ही हात जोडले. "कळतं की रे विरू," ती म्हणाली. "सगळं कळतं."

रविवारी दुपारी पाहुणे आले. रेवणप्पा मितभाषी, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात पिशवी. नागम्मा त्याच्याहून दोन बोटं उंच, आणि आवाज पुरुषाला लाजवील असा. मिलच्या शेजारी आयुष्य गेलेलं. यंत्राच्या खडखडाटावर मात करूनच बोलायची सवय जडली होती. अक्कानं पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली घागर पाय धुवायला पुढं केली, तेव्हा नागम्मानं तांब्याभर पाणी घेतलं आणि त्यातलंही अर्धं परत घागरीत ओतलं. "आमच्याकडंबी तीच गत हाय, अक्का. पाय काय, धुतले काय आन न धुतले काय." अक्काला ती बाई तिथंच आवडली.

हात जोडून एकमेकांना शरणार्थी म्हणून झालं, चहा झाला. अक्का भोंग्यासमोर पाट घेऊन बसली. नागम्मा खांबाला टेकली. विरूपाक्षानं घसा साफ केला, "आता पोराच्याच तोंडून ऐका," असं म्हणाला आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आली. ती बरीच लांबली. मग एकदम भोंग्यातून गुरुलिंग बोलला.

"अव्वा, मी गुरुलिंग. शरणार्थी करतो."

अक्काचा हात आपोआप पुढं गेला आणि भोंग्याच्या कडेवर टेकला. दोन वर्षांनी लेकाचा आवाज तिच्या कानात शिरत होता. विरूपाक्षानं केरबाकडं पाहून मान हलवली, जमलं म्हणून.

पुन्हा खरखर. मग, "हाव. मजेत हाय." पुन्हा शांतता. "न्हाई, ऊन लई हाय. पण चालतं."

"मधी मधी गप का बसतोय?" नागम्मानं विचारलं.

"विचार करून बोलतो," विरूपाक्ष म्हणाला. "लहानपणापासून तसाच हाय."

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला, दुसराच, टँकरचा. क्षणात गल्ली घागरींनी भरली. ड्रायव्हरनं टँकर आणून नेमका अक्काच्या दारात उभा केला आणि नळी रस्त्यात सोडली. ओळीतल्या बायाबापड्यांना पाण्याची वाट पाहत आयतंच ऐकायला मिळालं.

गुरुलिंग बोलत होता. "रोज दोन बाटल्या. एक सकाळी, एक संध्याकाळी."

रेवणप्पानं मान वर केली.

"न्हाई, हितं समदेच घेतात. सायबापासून हमालापर्यंत, ज्याच्या त्याच्या हातात बाटली." खरखर. "पयल्यांदा पैसे देऊन घ्यायला लाज वाटली. आता सवय झाली. त्याबगर माणूस हितं जगंल कसा?"

ओळीत कुणाची तरी घागर खाली पडून घरंगळत गेली. ती उचलायला कुणी हललं नाही. ओसरीवर कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. ज्या मठाच्या शिस्तीतल्या घरात कांद्याचासुद्धा विचार करून वापर होत होता, त्या घराचा मुलगा दिवसाला दोन बाटल्या घेतो, हे साऱ्या गल्लीला त्याच्याच तोंडून समजलं होतं. विरूपाक्ष टेपकडं हात न्यायला लागला, पण बंद करावं तर ते जास्तच वाईट दिसेल असं वाटून तो हात त्यानं मधेच थांबवला. पुढं काहीतरी बरं येईल, अशी त्याला आशा होती.

पुढं आलं ते असं: "न्हाई. अव्वा, मी आधीच सांगून ठेवतो, मला नको म्हणजे नको. मामानं परस्पर हो म्हणलं असंल तर त्यानंच उदगीरला जाऊन सांगावं, जमणार न्हाई म्हणून. आप्पा असते तर त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं."

नागम्मा खांबापासून सुटी झाली.

"उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं," ती सावकाश म्हणाली. "आमच्या पोरीला."

"थांबा, वायर हालली असंल," विरूपाक्ष पुटपुटला आणि टेपच्या भोकातली पिन हलवायला गेला. ती एक खटका बाहेर आली. गुरुलिंगाचा आवाज गेला आणि भोंग्यातून वेगळाच, जाड, दख्खनी बोलणारा माणूस बोलायला लागला.

"सच बोल. किसी के दबाव में तो नई बोल रा?" खरखर. "फोटो देखा ना? शरमा नक्को. पूरा कबूल कर दे."

"पोलीस हायत," ओळीतली केवळाबाई शेजारणीला म्हणाली, पण कुजबुजणं तिला जमत नसे. "चौकशी चाललीय. बाटलीपायी धरला वाटतं."

केरबानं मशीनचं बटण बंद केलं. मग काय व्हायचं ते झालं. रेवणप्पानं पिशवी उचलली. नागम्मा चपला शोधायला लागली. पण जायचं कुठून? दारात टँकर, टँकरच्या पुढं नळी, नळीभोवती घागरी, आणि घागरींच्या पलीकडं सारी गल्ली ओसरीकडं तोंड करून उभी. ड्रायव्हर म्हणाला, पाणी संपल्याशिवाय गाडी हलायची नाही. पाहुणे चपला घालून ओसरीच्या कडेला उभे राहिले.

अक्का जागची उठली नव्हती. तिचा हात अजून भोंग्यावरच होता. "विरू," ती म्हणाली, "नीट ऐकलं का मी? का माझेच कान?"

विरूपाक्षानं टेप काखेत मारला, पिन उपसून फेकली आणि आत स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. खरं तर त्याला थोडा वेळ कुणाच्या समोर राहायचं नव्हतं, एवढंच. चुलीपुढं बसून त्यानं कॅसेट मागं फिरवली, आवाज बारीक केला आणि बटण दाबलं. आता टेपच्या दोन्ही स्पीकरांतून आवाज येत होता. एका स्पीकरातून गुरुलिंग बोलत होता, आणि दुसऱ्यातून तो जाड आवाजाचा माणूस.

"अम्मा, सलाम. मैं खाजा, उदगीर का. गुरुलिंग के कमरे में रैता. आज मैं सवाल पूछता, ये जवाब देता, रेडिओ के माफिक. एक माइक मेरे हात में, एक इस के." मग हसण्याचा आवाज.

विरूपाक्षाला लातूरचा दुकानदार आठवला. त्याची वर झालेली मान आठवली. दोन बाजू. डावी आन उजवी. भजनाच्या जुन्या कॅसेटीत दोन्हीकडं एकच आवाज भरलेला असणार, म्हणून काल काही कळलं नव्हतं. त्यानं वायर विकत घेतली तेव्हाच निम्मा माणूस दुकानात ठेवून आला होता.

"पानी का क्या करते इधर, अम्मा को बोल," खाजा विचारत होता. "उधर तो टँकर की लाइन लगती. इधर समुंदर का पानी मीठा करके बोतल में बेचते."

"रोज दोन बाटल्या," गुरुलिंग सांगत होता. "एक सकाळी, एक संध्याकाळी."

विरूपाक्ष हसला. एकटाच, चुलीपुढं, डोळे पुसत. पाणी. पोरगं बाटलीतलं पाणी पितंय. तो उठलाच होता, दार उघडून सगळ्यांना ओरडून सांगायला. तेवढ्यात खाजानं पुढचा प्रश्न विचारला.

"मामा का खत आया ना? लडकीवाले स्कूटर देते बोलके. लेता क्या?"

"न्हाई. अव्वा, मी आधीच सांगून ठेवतो, मला नको म्हणजे नको..."

विरूपाक्ष परत खाली बसला.

स्कूटरची गोष्ट या घरात कुणाला माहीत नव्हती. लातूरच्या हॉटेलात चहा पिता पिता तो रेवणप्पाला सहज म्हणाला होता, "पोरगा परदेशातून येणार, त्याला हिंडा-फिरायला काहीतरी लागंलच की." रेवणप्पानं बराच वेळ चहात पाहून म्हटलं होतं, "नंबर लावून ठेवतो स्कूटरला." इतकंच झालं होतं. मागितली असं विरूपाक्ष स्वतःशीही म्हणत नव्हता. गुरुलिंग यायला अजून अवकाश. तोवर नवी गाडी गंजून जायची, त्यापेक्षा कुणीतरी ती रोज औसा-लातूर चालवलेली बरी, हाही विचार त्यानं मुद्दाम केला नव्हता. तो आपोआप मनात येऊन बसला होता. अक्काला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं लग्नात सासरकडून कपड्याचा तुकडासुद्धा घेतला नव्हता, आणि ही गोष्ट ती अजून अभिमानानं सांगायची. गुरुलिंगाला मात्र उत्साहाच्या भरात तो लिहून बसला होता.

आता बाटलीचं खरं सांगायचं तर कॅसेट पुन्हा वाजवावी लागणार. ती वाजली तर स्कूटरही वाजणार. न वाजवावी तर बाहेर पाहुणे टँकर हलायची वाट पाहत उभे आहेत. टँकर हलला की ते जातील, आणि औशापासून उदगीरपर्यंत गुरुलिंग बाटलीवाला म्हणून ओळखला जाईल. विरूपाक्ष शांत चुलीकडं पाहत बसला. कचेरीत अशा वेळी तो फाइलीवर 'चर्चा करावी' असं लिहून ती दुसऱ्याच्या टेबलावर सरकवत असे. इथं दुसरं टेबल नव्हतं. फटीतून त्याला अक्का दिसली. बंद भोंग्याच्या तोंडावर साचलेली धूळ ती पदरानं पुसत होती.

तो टेप घेऊन बाहेर आला.

"वायरीनं निम्मंच ऐकवलं," तो नागम्माला म्हणाला. "पोरगा दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देत होता. ते प्रश्न आलेच न्हाईत. सगळं ऐका. पण ह्या डब्याचा आवाज अक्काला पोचत न्हाई. तुम्ही ऐका आन तिला सांगा. तुमचं तिला ऐकू येतंय."

नागम्मानं त्याच्याकडं संशयानं पाहिलं. मग चपला काढल्या, अक्काच्या पाटाशेजारी बसली आणि टेप मांडीवर घेतला. तिनं थोडं ऐकलं, बटण दाबून थांबवलं, आणि अक्काच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते सांगणं टँकरच्या पलीकडच्या टोकापर्यंत पोचलं.

"पाणी म्हणतोय, अक्का! तिकडं पाणी बाटलीत विकतात. समुद्राचं गोड करून. दोन बाटल्या पाणी पितो."

"पाणी?" अक्का म्हणाली.

"पाणी."

"पाणी इकत घेतो?" तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला आणि त्या जागी दुसरीच काळजी आली. "दोन बाटल्यांत काय होतंय त्याचं?"

ओळीत हसण्याची लाट गेली. केवळाबाई म्हणाली, "मी म्हणलंच होतं, पोरगं तसलं न्हाई." ती काय म्हणाली होती ते कुणी काढलं नाही. रेवणप्पानंही पिशवी खाली ठेवली. पण तो टेपकडं पाहत होता, आणि विरूपाक्ष त्याच्याकडं. पुढं काय येणार याचा अंदाज त्या दोघांनाच होता.

नागम्मानं पुढचं ऐकलं. यावेळी तिला वेळ लागला. तिनं कॅसेट थोडी मागं घेतली, पुन्हा ऐकली.

"काय म्हणतोय?" अक्कानं विचारलं.

"म्हणतोय, स्कूटर नको."

"कुठली स्कूटर?"

नागम्मा भावाकडं वळली. "हाव. कुठली स्कूटर?"

रेवणप्पा ओसरीच्या फरशीकडं पाहायला लागला. विरूपाक्षाला वाटलं, हा माणूस आता आपलं नाव घेणार. पण रेवणप्पा वाकून पिशवीचे बंद सारखे करत राहिला, आणि तेच जास्त अवघड होऊन बसलं.

"मी विषय काढला होता," विरूपाक्ष म्हणाला. गल्लीत आता नळीतून पडणाऱ्या पाण्याचाच आवाज होता. "लातूरला. चहा पिताना."

अक्काला ते ऐकू गेलं नाही. "विरू काय म्हणतोय?"

आणि नागम्मानं तेही तिच्या कानात, आपल्या आवाजात सांगितलं. पहिल्यांदा जिल्ह्याच्या कचेरीतल्या माणसाचं म्हणणं सगळ्या गल्लीला नीट ऐकू आलं.

अक्कानं नुसतं त्याच्याकडं पाहिलं, लहानपणी तो आजारी पडल्यावर पाहायची तसं. मग नागम्माला म्हणाली, "पुढचं सांगा."

पुढं खाजा फोटोबद्दल विचारत होता. "पाहिला म्हणतोय," नागम्मा सांगत गेली. "पेटीत ठेवलाय म्हणतोय. पसंत हाय म्हणतोय. पण म्हणतोय..." इथं तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, आणि अक्कानं कानामागं हात धरला. "म्हणतोय, तिला कुणी विचारलंय का? मी पसंत हाय का म्हणून. ती न्हाई म्हणली तर कुणी रागावू नका."

नागम्मानं टेप बंद केला.

"विचारलंय का?" अक्कानं विचारलं.

"न्हाई," नागम्मा म्हणाली. "मी त्याची परीक्षा घ्यायला आले. तिला विचारायचं मलाबी सुचलं न्हाई."

टँकर रिकामा झाला. वाट मोकळी झाली, पण पाहुणे जेवूनच गेले. निघताना नागम्मा अक्काला म्हणाली, "पोरगा चांगला हाय. पण आता तिला विचारूनच कळवते." विरूपाक्षाच्या नमस्काराला तिनं नमस्कार केला. त्याहून अधिक काही नाही.

आठवडाभर विरूपाक्ष बसस्टँडवर न थांबता थेट बसमध्ये जाऊन बसू लागला. मग एके दिवशी रेवणप्पा लातूरच्या कचेरीत येऊन टेबलासमोर उभा राहिला.

"उमा हाव म्हणली," तो म्हणाला. "फकस्त तिला ती कॅसेट ऐकायचीय. द्या." मग जरा घुटमळून त्यानं भर घातली, "नागम्मानं सांगितलंय, वायर देऊ नका."

दोघं खाली जाऊन चहा प्याले. या वेळी कुणीच कसला विषय काढला नाही.

गुरुलिंगाला उत्तर पाठवायचं होतं. रविवारी सकाळी विरूपाक्ष कोरी कॅसेट घेऊन अक्काकडं आला. अक्का टेपसमोर बसून बराच वेळ बोलली. खाजाला सलाम सांगितला, पाणी दोन बाटल्यांहून जास्त पीत जा म्हणून सांगितलं, आणि मग उठून आत गेली. "आता तू बोल. मला तसंबी ऐकू येत न्हाई."

विरूपाक्षानं बटण दाबलं आणि तो एकटाच टेपसमोर बसला. त्यानं भाच्याला सगळं सांगितलं: चहाचं, नंबर लावल्याचं, ती गाडी आपण चालवणार होतो हे आपण स्वतःपासूनही कसं लपवलं त्याचं. स्वयंपाकघरात दार लोटून बसलो तेव्हा बाहेर यावं की नाही याचा विचार करत होतो, हेही सांगितलं. तुझ्या बापानंतर या घरात मोठा माणूस मीच, आणि मीच असं केलं, हे म्हणताना तो थांबला, आणि थांबून पुन्हा बोलला. आयुष्यात इतकं सरळ तो कधी बोलला नव्हता. संपलं तेव्हा त्याला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

नीट आलंय का ते पाहायला त्यानं कॅसेट मागं फिरवून लावली. अक्काचा आवाज आला, खाजाला सलाम, पाणी, सगळं. त्यानंतर नुसती खरखर. शेवटपर्यंत खरखर. आवाज भरायला दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. अक्काच्या वेळी त्यानं ती दाबली होती. स्वतःच्या वेळी एकच दाबलं होतं.

अक्काचं बोलणं संपत होतं तिथवर त्यानं कॅसेट मागं आणली आणि दोन्ही बटणं दाबली. लाल दिवा लागला. कॅसेट फिरत होती, आणि तो तिच्याकडं पाहत होता.

"गुरुलिंगा," तो शेवटी म्हणाला, "मामा बोलतोय. इकडं सगळं ठीक हाय." आणि बराच वेळ गेल्यावर, "पाऊस न्हाई अजून."

आतून अक्कानं विचारलं, "झालं का रे सगळं बोलून?"

"झालं," विरूपाक्ष म्हणाला. ते तिला ऐकू गेलं नाही, म्हणून तो उठून आत गेला आणि मान हलवून दाखवली.